बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, प्रसूती विभागात, तिला सगळेच आत्या म्हणत. डॉक्टर म्हणत, सफाईच्या मावश्या म्हणत, आणि कळा सोसत आलेली परकी बाईसुद्धा तासाभरात म्हणायला लागे. याला कारण तिची भाची. भाची चार वर्षांची असताना एकदा घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून आत्याने तिला दिवसभर ड्यूटीच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. ती पोर दर पाच मिनिटांनी दारातून डोकं काढायची आणि मोठ्याने विचारायची, "आत्या, झालं का बाळ?" त्या दिवशी जे नाव चिकटलं ते चिकटलंच.

अंगाने ती ठेंगणी आणि भरलेली होती, पण हात मात्र शाळकरी मुलीसारखे बारीक. या कामात असे हात म्हणजे लाखमोलाची गोष्ट. तीस वर्षांत या हातांनी किती बाळं झेलली ते तिने कधी मोजलं नाही. लग्न करायचं राहून गेलं, याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. वाटायचं ते तिच्या धाकट्या भावाला.

भावाला तिच्याबद्दल दोन गोष्टींचं वाटायचं. एक लग्नाचं, आणि दुसरं, जास्त मोठं, चर्चचं. भाऊ सुतार होता. दारं-खिडक्या बनवण्याचं त्याचं वर्कशॉप होतं, आणि चर्चमधल्या बाकांपैकी निम्मे बाक त्याच्या हातचे होते. तो चर्चच्या कमिटीवर होता, गायनवृंदात खालच्या पट्टीत गायचा, आणि मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेच्या, दहा मिनिटं आधी जाऊन पंखे नीट फिरताहेत का ते बघायचा. अशा माणसाची सख्खी मोठी बहीण बावीस वर्षं रविवारच्या मिस्साला फिरकली नव्हती. हॉस्पिटलात लोक तिला कधीमधी "सिस्टर" म्हणून हाक मारत, तेव्हा भाऊ सोबत असला तर पुटपुटायचा, "म्हणे सिस्टर."

झालं होतं असं की, बावीस वर्षांपूर्वी एका मुलीचं बाळंतपण आत्याने केलं होतं. मुलगी एकोणीसची, लग्न झालेलं नव्हतं, आणि बाळाचा बाप पत्ता न ठेवता निघून गेलेला. बाळाला बाप्तिस्मा द्यायचा होता आणि एकटीने जायचा धीर होत नव्हता, म्हणून तिने आत्याला सोबत नेलं. तेव्हाचे फादर वाईट नव्हते, पण कागदांचे माणूस होते. बापाचं नाव, बापाच्या चर्चचा दाखला, लग्नाचा दाखला असं एकामागून एक मागत गेले, आणि सगळ्याला नाही ऐकल्यावर म्हणाले, पुढच्या महिन्यात या, बघू. मुलगी बाळाला छातीशी धरून पायऱ्या उतरली ती पुन्हा चढली नाही. आत्याही तिच्याबरोबर उतरली.

पहिले काही महिने आत्या रागाने गेली नाही. मग रविवारची सुट्टी बाकीच्यांना हवी असायची, म्हणून रविवारची ड्यूटी तिने आपल्याकडे मागून घेतली. होता होता राग कुठल्या कुठे गेला आणि ड्यूटी तेवढी राहिली.

देव मात्र तिने सोडला नव्हता. खरं तर देवाशी तिचं दिवसातून पंधरा-वीस वेळा बोलणं व्हायचं, कारण तितक्या वेळा तिला हात धुवावे लागत. नळ कोपराने उघडायचा, कोपरापर्यंत साबण लावायचा, नखं, बोटांच्या बेचक्या, मनगट, आणि तेवढ्या वेळात प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणायची. नवीन शिकाऊ मुली आल्या की ती त्यांना सांगायची, "घड्याळ बघू नका. माझी एक प्रार्थना होईपर्यंत हात चोळायचे. तुमची दुसरी असेल तर ती म्हणा. कुठलीच नसेल तर आकडे मोजा, पण शंभरच्या आत थांबू नका." मुलींना ते आवडायचं. एकीने तर सिनेमातलं गाणं धरलं होतं, आणि ते बरोबर तेवढ्याच वेळात संपायचं. आत्याने त्यालाही हरकत घेतली नाही.

भावाचे प्रयत्न चालूच होते. मिस्साच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून त्याने तिच्या फ्रिजवर चिकटवल्या होत्या. जिल्ह्याच्या चर्चचं मासिक तो न चुकता तिच्या दाराच्या फटीतून सरकवायचा. आणि रविवारी तिची दुपारची पाळी असली की मिस्सा आटोपून तिच्याकडे चहाला यायचा. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या, खिडकीशी एक टेबल. तिथे बसून तो तिला प्रवचन ऐकवायचा, म्हणजे तसा त्याचा बेत असायचा.

"आज फादर फार सुंदर बोलले," तो सुरुवात करायचा.

"काय बोलले?"

"क्षमेवर बोलले."

"क्षमेवर काय बोलले?"

भाऊ चहाचा घोट घ्यायचा. दुसरा घ्यायचा. "एकूण, करावी असं."

आत्या बशी पुढे सरकवून म्हणायची, "तू डुलक्या काढतोस. लहानपणीही काढायचास. आईच्या खांद्यावर लाळ गळायची तुझी."

यावर उपाय म्हणून भावाने खिशात छोटी वही ठेवायला सुरुवात केली. पण टिपणं घेतानाही तो मधेच झोपायचा, आणि वाक्याच्या मध्यावर एक लांब रेघ खाली घसरत गेलेली असायची. ती वही वाचताना आत्याला इतकं हसू यायचं की शेवटी भाऊही हसायचा. वाद असे चालायचे. दोघांचंही एकमेकांवाचून पान हलत नव्हतं.

तो वाद एकदाच खऱ्या भांडणापर्यंत गेला. भाची, तीच दारातून डोकं काढणारी, आता अठ्ठावीस वर्षांची होती आणि तिला दिवस गेले होते. भाऊ आजोबा होणार म्हणून हवेत चालत होता. बाळाच्या जन्माला अजून तीन महिने होते तेवढ्यात त्याने बाप्तिस्म्याची तारीख मनात धरली, हॉल बघितला, गायनवृंदाला दोन नवीन गाणी बसवायला लावली, आणि तो केक कुणाकडून घ्यायचा याची चौकशी करत फिरत होता. आईने शिवलेला लेसचा झगा त्याने ट्रंकेतून काढून स्वतःच्या हाताने धुतला. त्या झग्यात आत्याचा बाप्तिस्मा झाला होता, त्याचा झाला होता आणि भाचीचाही.

बाप्तिस्म्यात बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी कोण घेणार, ते भाचीने जेवणाच्या टेबलावर सांगितलं, "धर्ममाता आत्या होणार."

भावाने चमचा खाली ठेवला. "नाही होता येणार. धर्ममातेला चर्चचं पत्र लागतं. नियमाने येणारी आहे असं फादरांनी लिहून द्यावं लागतं. काय लिहितील ते?"

"लिहितील की आईइतकंच तिनेही मला वाढवलंय."

"त्याचा रकाना नाही."

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनी नवऱ्याकडे बघायला लागली आणि जावई ताटाकडे. आत्याच शेवटी म्हणाली, "अगं, तो बरोबर सांगतोय. नियम आहे तर आहे. तुझ्या मावशीला कर धर्ममाता. मी झबल्या-दुपट्यांचं बघेन." ती हसत बोलली, पण त्या दिवशी लवकर उठून गेली. पुढचे दोन रविवार भाऊ चहाला आला नाही.

तिसऱ्या रविवारी सकाळी दहाला भाचीच आली, स्ट्रेचरवर. सात आठवडे आधी. पाणी फुटलं होतं. जावई शेजारून धावत होता आणि त्याच्या पायात दोन वेगवेगळे बूट होते. भाऊ-वहिनी चर्चमध्ये होते, फोन बंद करून.

आत्याची ड्यूटी होतीच. तिने भाचीचा हात एकदा दाबला, मग जाऊन कोपराने नळ उघडला. त्या दिवशी प्रार्थना दोनदा म्हणून झाली.

अकरा वाजून सतरा मिनिटांनी मुलगी झाली. दीड किलोच्या वर थोडीशी, निळसर, आणि आवाज नाही. आत्याने पाठ चोळली, तळव्यावर टिचकी मारली. बाळांच्या डॉक्टरबाई तयार उभ्या होत्या. त्यांनी पोरीला उबेच्या दिव्याखाली घेतलं आणि इवल्याशा मास्कने श्वास द्यायला सुरुवात केली. फुगा दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. खोलीत तेवढाच आवाज.

"आत्या," भाची टेबलावरून म्हणाली. तिचा आवाज आश्चर्य वाटावं इतका शांत होता. "पाणी घाल तिला. बाप्तिस्मा दे."

आत्याने हे पूर्वी केलं होतं. आईने किंवा बापाने मागितलं तरच, कधी वर्षातून एकदा, कधी तेही नाही. बाळ दगावण्याची भीती असेल तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, हे तिला शाळेत शिकवलेलं होतं. पण ती परकी बाळं होती. ही घरची होती.

तिने निर्जंतुक पाण्याची प्लास्टिकची छोटी कुपी ट्रेमधून उचलली आणि मुठीत घट्ट धरून ठेवली, कारण एवढ्याशा बाळाला गार पाणी चालत नाही. मग डॉक्टरबाईंकडे बघितलं. त्या हिच्या धर्माच्या नव्हत्या. फुगा न थांबवता त्या म्हणाल्या, "कपाळ मोकळं आहे. करा तुमचं."

आत्याने कुपीचं टोक मोडलं, भाचीने ठरवलेलं नाव उच्चारलं, आणि तीन वेळा थोडं थोडं पाणी त्या कपाळावर सोडत म्हणाली, "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते." मग कापसाने टिपून घेतलं.

पोरीने अंग आकसलं. मग एक बारीक, चिडका आवाज काढला, मांजरीच्या पिलासारखा, आणि मग दुसरा. डॉक्टरबाईंनी मास्क किंचित वर धरला. "आपण होऊन घेतेय," त्या म्हणाल्या. जावई दोन वेगवेगळ्या बुटांवर तसाच खाली बसला.

आत्याने केस पेपरवर नेहमीच्या अक्षरात लिहिलं: अकरा वीस, आईच्या सांगण्यावरून बाप्तिस्मा दिला. अकरा एकवीस, स्वतःचा श्वास.

पोर पाच आठवडे काचेच्या पेटीत राहिली आणि रोज थोडी थोडी भरत गेली. भावाला सगळ्यांनी मिळून "जरा लवकर आली, बाकी ठीक" एवढंच सांगितलं होतं, कारण त्याला रक्तदाबाचा त्रास होता. तो रोज संध्याकाळी येऊन काचेला नाक लावून उभा राहायचा आणि खालच्या पट्टीत गुणगुणायचा. नर्सेस त्याला हलवायला बघायच्या, आणि पोर नेमकी तो गाताना गाढ झोपायची, म्हणून पुन्हा राहू द्यायच्या.

पोर घरी आल्यावर भाऊ तारीख पक्की करायला चर्चमध्ये गेला. सोबत भाची होती. नवीन फादर तरुण, उंच, हेल्मेट काखेत घेऊन फिरणारे. त्यांनी अर्ज भरायला घेतला तेव्हा भाची म्हणाली, "फादर, बाप्तिस्मा झालेला आहे तिचा. जन्मली तेव्हाच. माझ्या आत्याने दिला."

भावाने चटकन वळून भाचीकडे बघितलं. फादरांनी अर्ज बाजूला ठेवला, दुसरा काढला आणि म्हणाले, "मग मला तुमच्या आत्यांना भेटायला हवं."

भेट हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये झाली, जेवणाच्या सुट्टीत. आत्या डबा उघडून बसली होती. समोर फादर, आणि फादरांच्या शेजारी भाऊ, कारण तो येणार नाही असं होणं शक्यच नव्हतं.

"काही प्रश्न विचारावे लागतात," फादर म्हणाले. "पाणी कुठलं होतं?"

"निर्जंतुक केलेलं. तुमच्या कुंडातल्यापेक्षा स्वच्छ."

"'साधं पाणी' लिहितो," फादर लिहिता लिहिता म्हणाले. "नुसतं लागलं की वाहिलं?"

"वाहिलं. डाव्या कानात जाणार तेवढ्यात टिपलं."

"शब्द कुठले म्हणालात?"

आत्याने शब्द सांगितले. पलीकडे कप विसळणाऱ्या माणसाने तेवढ्यापुरता नळ बंद केला.

"आणि मनात काय होतं? म्हणजे, हे करताना तुमचा हेतू काय होता?"

हा प्रश्न तिला कोणी कधी विचारला नव्हता. "हेतू काय असणार, फादर? चर्च जे करतं तेच मला करायचं होतं. मला दुसरं काही येतच नाही."

फादरांचं पेन थांबलं. त्यांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा उजळला. "नियमात हेच आहे. जवळजवळ शब्दाला शब्द. हेतू चर्चचा असला पाहिजे, बस." त्यांनी खाली सही ठोकली. "बाप्तिस्मा पक्का आहे."

"पण फादर," भाऊ म्हणाला, "ही बावीस वर्षं मिस्साला आलेली नाही."

"त्यात हजेरीची अट नाही."

"तुम्हीच म्हणाला असतात, धर्ममाता व्हायला पत्र लागतं."

"लागतं. धर्ममाता व्हायला पत्र लागतं, बाप्तिस्मा द्यायला पाणी लागतं." हे बोलताना फादरांनाच हसू आवरेना.

"मग आपण पुन्हा एकदा घालू ना. रीतसर. मोठ्या कुंडात."

"पुन्हा घालता येत नाही. मला नाही, बिशपना नाही, कोणालाच नाही. एकदा झाला तो झाला. चर्चमध्ये आणा तिला, राहिलेलं सगळं करू. तेल लावू, झगा घालू, मेणबत्ती पेटवू. फक्त पाणी नाही."

भाऊ थोडा वेळ बोटांनी टेबलाची कड तपासत बसला, जशी तो सगळ्याच टेबलांची तपासायचा. "केक सांगून झालाय," तो शेवटी म्हणाला.

"केकवर नियमाची काही हरकत नाही," फादर म्हणाले, आणि हेल्मेट उचलून निघाले.

दोघंच उरल्यावर भावाने खालच्या आवाजात विचारलं, "ताई, एवढं वाईट होतं का?"

आत्याने त्याला सांगितलं. निळसर रंग, फुगा, अकरा वीसला घातलेलं पाणी, चार मिनिटं. काही लपवलं नाही. "अकरा वीसला आम्ही गात होतो," तो म्हणाला. "मी पान उलटायला विसरलो होतो म्हणून वैतागलो होतो." मग त्याने हात पुढे केला आणि तिच्या डब्यातला उरलेला शेवटचा घास न विचारता तोंडात टाकला. लहानपणीही तो असाच करायचा. आत्याने डबा उलटा करून त्याला रिकामा दाखवला, आणि दोघंही हसले, जरा जास्तच वेळ.

समारंभाच्या दिवशी आत्याने अर्धी रजा टाकली. ड्यूटीचेच बूट घालून ती आली आणि शेवटच्या बाकावर बसली. बाक भावाचा, त्यामुळे कुरकुरला नाही. लेसचा झगा पोरीला इतका मोठा होत होता की वहिनीला तो मागून तीन पिनांनी आवळावा लागला, आणि तरी त्यात बाळ कुठे आहे ते दुरून कळत नव्हतं. गायनवृंद ठेवणीतल्या आवाजात गात होता.

फादरांनी विधीप्रमाणे विचारलं, "या बाळाचा बाप्तिस्मा झालेला आहे का?"

"झालेला आहे," भाची म्हणाली.

"कोणी दिला?"

हा प्रश्न विधीत नव्हता, फादरांनी तो आपल्या मनाने घातला होता. सगळ्या माना मागे वळल्या. आत्याने शाळेत करतात तसा हात वर केला. फादरांनी तिला पुढे बोलावलं, आणि ती पुढे आली, बुटांच्या रबरी तळांचा आवाज करत, त्या लांबच लांब वाटेवरून. तिच्या छातीत धडधडत होतं, आणि तिला स्वतःचं नवल वाटत होतं की ही भीती नाही. बाळंतपण सुखरूप पार पडल्यावर जे होतं, ते हे होतं.

तेलाचा स्पर्श झाल्यावर पोरीला उचकी लागली आणि मेणबत्ती पेटून होईपर्यंत ती थांबली नाही. दर उचकीला झगा हलायचा आणि पहिल्या रांगेतली लहान मुलं फिदीफिदी हसायची. फादरही शेवटी उचकीला जागा ठेवून वाक्यं म्हणायला लागले.

मग मागच्या खोलीत रजिस्टर उघडलं गेलं. जाडजूड, कापडी पाठीचं. "बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव" या रकान्यात पानामागून पान फादर, फादर, फादर असंच होतं. आत्याने चष्मा लावला आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं. शेजारी पदाचा रकाना होता. तिथे ती अडली.

"आत्या लिही," भाऊ तिच्या खांद्यावरून म्हणाला. "सगळे तेच म्हणतात."

"तू मधे बोलू नकोस," ती म्हणाली, आणि तिने लिहिलं: परिचारिका, प्रसूती विभाग. भावाने ती शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घातली.

त्यानंतर आत्या दर रविवारी चर्चला जायला लागली, असं काही झालं नाही. रविवारची ड्यूटी तिने सोडली नाही आणि फादरांनी तिला एकदाही त्याबद्दल विचारलं नाही. मधल्या वारी, दुपारी, चर्च रिकामं असताना ती कधीकधी पाच मिनिटं बसून यायची. भावाला ते कळलं होतं, आणि त्याने कमिटीत सांगून दुपारचं बाजूचं दार उघडं ठेवायला लावलं. कारण विचारलं तर म्हणायचा, हवा खेळती राहते.

दोन वर्षांनी ती निवृत्त झाली. त्याच आठवड्यात फादर हेल्मेट घेऊन तिच्या जिन्याने वर आले. होऊ घातलेल्या आईबापांसाठी चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी एक वर्ग घ्यायचा होता. बाळाचा श्वास अडकला तर काय करायचं, ताप चढला तर काय, आणि अगदीच वेळ आली तर बाप्तिस्मा कसा द्यायचा. "हे शिकवणारं माझ्या माहितीत दुसरं कोणी नाही," ते म्हणाले.

"मी मिस्साला येत नाही, हे सांगणार का तुम्ही त्यांना?"

"तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा. वर्ग चार वाजता आहे."

पहिल्या शनिवारी नऊ जोडपी आली. एक जोडपं चर्चचं नव्हतंच, शेजारच्या इमारतीतलं होतं. त्यांना फक्त श्वासाचं शिकायचं होतं, आणि आत्याने त्यांना सगळ्यांत पुढे बसवलं. खुर्च्या भावाने मांडल्या होत्या, आणि मांडून झाल्यावर तो गेलाच नाही, कोपऱ्यात बसून राहिला. आत्याने रबरी बाहुलीवर पाठ चोळणं दाखवलं, मान कशी धरायची ते दाखवलं, मग वाटीभर पाणी घेतलं आणि विचारलं, "आता कोण करून बघतं?"

तरुण मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. कोपऱ्यातून भाऊ उठला. त्याने बाही वर सारली, बाहुली हातात घेतली, घसा साफ केला, आणि गायनवृंदातल्या त्या भारदस्त आवाजात शब्द अगदी बिनचूक म्हणाला. म्हणता म्हणता त्याने अख्खी वाटी बाहुलीच्या डोक्यावर रिकामी केली. पाणी बाहुलीवरून त्याच्या पँटवर, पँटवरून बुटांत.

"हेतू चांगला आहे," आत्या वर्गाला म्हणाली. "पाणी कमी घ्यायचं."

हॉल हसण्याने भरून गेला. भाऊ एका पायाचा बूट काढून झटकत म्हणाला, "पुन्हा भर वाटी. मी परत करतो."